प्रमाण नंतर, आधी पुडीत कुठली राळ आहे ते बघा

प्रश्न दोनदा वाचला. आधी तुमचीच गोष्ट थोडक्यात परत सांगतो, माझी समजूत कुठे चुकली असेल तर टोका. तुम्ही नाशकात इंदिरानगरला राहता, गोदावरीच्या पात्रातून आणलेल्या गारेचं पातं काढलंय आणि ते सागाच्या मुठीत बसवायचंय. व्हिडिओत बघून पाइन रेझिनचा गोंद केला, तीन भाग राळ, एक भाग कोळशाची पूड आणि "थोडंसं" मेण. राळ पूजा साहित्याच्या दुकानातून पाव किलो आणली, मेण म्हणजे घरातल्या मेणबत्त्या. पहिल्यांदा गोंद दिसायला झकास झाला पण दुसऱ्या दिवशी टोमॅटो कापायला गेलात तर पातं टोपी निघावी तसं सुटून हातात आलं, आणि खाचेत काचेसारखा चुरा. दुसऱ्यांदा मेण वाढवलं तर गच्चीवर ठेवलेल्या चाकूचं पातं दुपारच्या उन्हात एका बाजूला कललं. तिसऱ्यांदा गॅसवर भडका उडाला आणि घरच्यांनी प्रयोगबंदी लावली. आणि एवढं सगळं होऊन तुमचा प्रश्न एकच, की बरोबर प्रमाण काय.

प्रमाण सांगतो, खाली येईलच. पण खरं सांगू का, तुमचा घोळ प्रमाणाचा नाहीये. तुम्ही पाचाचे सहा केले असते तरी तेच झालं असतं. राळ कुठली, ती किती तापवली आणि दगडाला लावताना दगड गार होता की गरम, या तीन गोष्टींत सगळं आहे, आणि माझ्या मते तिसरीत सगळ्यात जास्त.

माझी ओळख एवढीच की मी काही पुरातत्त्ववाला नाही. अंबडच्या एमआयडीसीत टूलरूमला आयुष्य गेलं, आणि दहा-बारा वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी हा उद्योग करतो, दगडी पाती, बाण, कोयत्यासारखे दातेरी विळे, शाळांत मुलांना दाखवायला नेतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते बरंचसं हात भाजून शिकलेलं आहे, काही वेळा शब्दशः.

आता राळ. व्हिडिओवाला जे वितळवत होता ते आणि तुमच्या पुडीत जे आहे ते, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाइन म्हणजे आपला चीड, हिमाचल-उत्तराखंडात डोंगरच्या डोंगर भरलेत त्याचे. त्याच्या खोडाला जखम झाली की चीक येतो, ताजा असताना मधासारखा, हाताला लागला की दोन दिवस जात नाही. या कच्च्या चिकात साधारण पाचवा हिस्सा टर्पेंटाइन असतं. कारखान्यात हा चीक तापवून टर्पेंटाइन वाफेने काढून घेतात, ते रंगवाल्यांकडे जातं, आणि खाली जे राहतं ते गार झालं की पिवळ्या काचेसारखं घट्ट होतं. तीच बाजारातली राळ, कोणी बेरजा म्हणतं, सोल्डरिंगवाले आणि व्हायोलिनवाले रोझिन म्हणतात. म्हणजे झाडावरच्या चिकात मऊपणा आणणारा जो भाग असतो तो तुमच्या पुडीत आधीच काढून घेतलेला आहे. व्हिडिओवाल्याने झाडावरचे खडे गोळा केले, ते वितळवले, त्यात थोडं टर्पेंटाइन अजून शिल्लक होतं म्हणून त्याला चिमूटभर मेण पुरलं. तुम्ही त्याचंच प्रमाण कोरड्या राळेला लावलं. ती तडकणारच, नुसती राळ म्हणजे काचच आहे, फक्त ऐंशी अंशाच्या आसपास मऊ पडणारी काच.

मग झाडावरचा चीक नाशकात मिळेल का? नाही मिळणार. आणि इथे एक गंमत सांगतो कारण दरवर्षी कोणीतरी मला हे विचारतंच. बऱ्याच लोकांना आपल्याकडचा सुरू म्हणजे पाइन वाटतो. लांब सुयांसारखी पानं, वाऱ्यात सू-सू आवाज, खाली छोटी बोंडं, दिसतो अगदी तसाच. पण सुरूचा आणि पाइनचा काडीचा संबंध नाही, त्या सुया म्हणजे पानंसुद्धा नाहीत, बारीक हिरव्या डहाळ्या आहेत, आणि त्याच्यातून राळ येत नाही. मी स्वतः सुरुवातीला एका ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर सुरूच्या खोडाला पटाशीने खाच मारून खाली वाटी बांधून आलो होतो. आठ दिवसांनी वाटीत दोन मुंगळे. बंगल्यांच्या दारात जे मजले मजले असलेलं ख्रिसमस ट्री लावतात तेही पाइन नाही. हिमालयात फिरायला गेलात तर जुन्या जखमांखाली सुकून पडलेले खडे मिळतात, पण झाडाला स्वतःहून खाच मारायची नाही, तिथला चीक काढणं वनखात्याच्या हाताखाली चालतं. तर आपल्यासाठी बाजारातली राळच, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त ती काय आहे हे माहीत पाहिजे.

अजून एक अडचण, दुकानदार दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टींना राळच म्हणतो. सालवृक्षाची असते तीही राळ. ओळखायला सोपं आहे, सुई गॅसवर लाल करून खड्याला टोचा आणि वास घ्या. पेंटरच्या डब्यासारखा, टर्पेंटाइनच्या जवळचा वास आला तर चिडाची. धुपासारखा, देवळातल्यासारखा वास आला तर सालाची किंवा मिसळलेली, ती वितळायला जास्त उष्णता मागते आणि नवख्या माणसाच्या हातून करपते. आणि सालईचा धूप घेऊन येऊ नका, त्यात डिंकाचा अंशही असतो, तो वितळत नाही, नुसता करपून गाठी होतात.

मेणबत्तीचं मेण काढून टाका डोक्यातून. ते पॅरॅफिन, पेट्रोलियमचं. राळेत मिसळल्यासारखं दिसतं पण पकड देत नाही, उलट दगड आणि गोंद यांच्यामध्ये तेलकट थर आल्यासारखं होतं. तुमचं पातं टोपीसारखं अख्खं सुटून आलं त्यात याचा वाटा नक्की आहे. मधमाशीचं मेण पाहिजे. हरसूल-पेठकडून मध विकायला येणाऱ्यांना सांगून ठेवलं तर पोळ्याचं मेण आणून देतात, ते गरम पाण्यात वितळवून फडक्यातून गाळून घ्या, गार झालं की वर चकती येते, खालचा काळा गाळ खरवडून टाकायचा. जुने चांभार दोऱ्याला लावायला ठेवतात ते मेणही चालतं, पण आधी विचारा शुद्ध आहे का. मेण मिळालं नाही आणि घाईच असेल तर एरंडेल, शंभर ग्रॅम राळेला एक छोटा चमचा, त्याच्या वर नाही, नाहीतर गोंद कायम बोटाला चिकटत राहतो.

कोळसा इस्त्रीवाल्याकडचा घ्या, लाकडाचा. दगडी कोळसा नको. खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करा, जुन्या ओढणीतून, आणि हे काम घराबाहेर करा हे सांगायला नको. ही पायरी लोक उरकून टाकतात, जाड रवाळ पूड टाकतात, आणि मग गोंद बोटाखाली खरखरीत लागतो आणि प्रत्येक जाड कणापाशी तडा सुरू होतो. पूड नुसती भरती म्हणून नसते. राळ गार होताना आकसते, पूड असली की कमी आकसते, आणि तडा गेलाच तरी सरळ पळत जात नाही, कणाकणाला अडतो. काँक्रीटमध्ये खडी-वाळू असते तसंच. कोळशाच्या ऐवजी गेरू चालतो, बारीक वीटकूटही चालतं. मला गेरूचा गोंद जास्त आवडतो खरं तर, रंगही छान येतो विटकरी, पण गेरू जड असतो त्यामुळे तळाशी बसतो, सारखं ढवळावं लागतं.

हे मिश्रण नवं नाही हे बाकीच्यांसाठी सांगतो. इटलीत दोन गुहांमध्ये निअँडरथल माणसांची दगडी हत्यारं सापडली, साधारण ५५ ते ४० हजार वर्षांपूर्वीची, त्यांच्यावर पाइनच्या जातीच्या झाडांची राळ मिळाली आणि एकावर राळेबरोबर मधमाशीचं मेणही. म्हणजे आपण ज्याच्यावर डोकं खपवतोय ते त्यांनी सोडवून ठेवलं होतं. आल्प्सच्या बर्फात १९९१ ला जो हिममानव सापडला त्याच्या बाणांचं उदाहरण लोक पाइनच्या गोंदाला देतात पण ते चूक, त्याचा गोंद भूर्जाच्या सालीचं डांबर होतं, आपलं भूर्जपत्र ज्या जातीच्या झाडाचं त्याच जातीचं झाड. ते हवाबंद साल भाजून काढतात, पूर्ण वेगळी प्रक्रिया, त्याच्या नादी आत्ता लागू नका.

आता प्रमाण. माझं वजनात असतं, वाटीने मोजायचं सोडा, कारण कोळशाची पूड दाबून भरली तर दुप्पट बसते. सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. राळ १०० ग्रॅम, मधमाशीचं मेण १५ ते २५ ग्रॅम, कोळशाची पूड २५ ते ३० ग्रॅम. आणि हे १५ ते २५ एवढं ढगळ का, तर ते हवेवर आहे. इथे कोणी एकच आकडा सांगत असेल तर तो एकाच ऋतूत काम करतो एवढंच समजा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडला सकाळी हात कुडकुडतात. मेमध्ये बसणारा गोंद त्या थंडीत तडकतो आणि थंडीतला मेमध्ये ओघळतो.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. जुन्या नाशकात तांबट आणि सोनार मंडळी नक्षीकाम करताना भांड्याच्या पोटात किंवा पत्र्याच्या खाली राळ भरतात, राळ, वीटकूट आणि तेल, म्हणजे ठोकताना पत्रा दबतो पण फाटत नाही. एकदा एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बसलो होतो, जानेवारी असेल, तर त्याने काम सुरू करायच्या आधी राळेच्या गोळ्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, मान हलवली आणि पळीभर तेल टाकून परत वितळवायला ठेवली. मी विचारलं किती टाकलं, तर म्हणे "थंडीइतकं". माझ्यासारख्या मायक्रोमीटरवाल्याला हे उत्तर पचायला वेळ लागला. पण तीच खरी चाचणी आहे. गोंद तयार झाला की काडीवर थोडा घ्या, पाण्यात बुडवून गार करा, पाच मिनिटं घरातल्या हवेत ठेवा, मग नख रुतवा. नख घसरलं आणि टोक कडकन उडालं तर मेण कमी, ३-४ ग्रॅम घाला. नखाचा खोल ठसा राहिला, लोण्यासारखा, तर मेण जास्त, राळ आणि पूड वाढवा. ठसा उमटतो पण जोर लावावा लागतो, आणि सुतळीएवढी पट्टी वाकवली तर जराशी वाकून मग तुटते, तिथे थांबायचं. तुटलेली जागा मंद, मॅट दिसली पाहिजे, चकाकली तर अजून काचच आहे.

तुम्ही गच्चीवर चाकू ठेवला म्हणून लिहितो, मेमधल्या गच्चीवर किंवा बंद गाडीत कुठलाही राळेचा गोंद टिकणार नाही, प्रमाण काहीही असो. मी एकदा एका शाळेच्या कार्यक्रमाला जाताना सहा बाण आणि एक भाला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले, गंगापूर रोडला सावली न बघता गाडी लावली, चहा पिऊन आलो तर भाल्याचं टोक सीट कव्हरला चिकटलेलं आणि बाणांची पाती आपापल्या दिशेला माना टाकून. सीट कव्हर बायकोने निवडलेलं होतं. तो डाग अजून आहे.

तापवण्याबद्दल जरा कडक लिहितो, कारण तुमचा भडका थोडक्यात निभावला. गावाकडच्या जत्रेत, बोहाड्यात सोंगं नाचतात तेव्हा मशालीवर मूठभर पूड फेकतात आणि भपकन ज्वाळा उठते, ते बघितलं असेल. ती पूड म्हणजे हीच राळ. राळ उडवणं म्हणतात ते तेच, टीकेची राळ उडवतात तीही तिथूनच. म्हणजे तुम्ही गॅसच्या उघड्या ज्योतीवर जे ठेवलं होतं ते भडकण्यासाठीच प्रसिद्ध आहे. ज्योत आणि राळ समोरासमोर आणायचीच नाही. मी काय करतो, जुन्या लोखंडी तव्यात दोन बोटं जाडीची वाळू पसरतो, तवा कोळशाच्या शेगडीवर किंवा इलेक्ट्रिक हॉटप्लेटवर, आणि वाळूत रुतवून पत्र्याचा छोटा डबा, त्यात राळ. वाळूमुळे उष्णता हळू आणि सगळीकडून येते. हे अंगणात किंवा गच्चीवर, धूर आपल्या अंगावर येणार नाही अशा बाजूला बसून, कारण राळेचा धूर छातीला चांगला नाही, दमा असेल तर हा उद्योगच नको. शेजारी डब्यावर घट्ट बसेल असं झाकण आणि ओलं गोणपाट. पेटलंच तर झाकण टाकायचं आणि लांब व्हायचं, पाणी अजिबात ओतायचं नाही, पेटती राळ उडून अंगावर येते. आणि गरम थेंब हातावर पडला तर लगेच गार पाण्याखाली धरा आणि बराच वेळ धरा, थेंब ओढून काढू नका, त्याच्याबरोबर कातडी येते. मोठं भाजलं तर सरळ डॉक्टर.

क्रम असा, आधी नुसती राळ वितळू द्या, मग मेण, मग पूड चिमटी चिमटीने, ढवळत. थर्मामीटर असेल तर ११०-१२० च्या आसपास ठेवा. नसेल तर डोळ्याने बघा, पातळ पाकासारखी झाली आणि वर अगदी बारीक वाफ तरळतेय एवढं पुरे. पांढरा दाट धूर यायला लागला म्हणजे जास्त झालं, डबा वाळूतून उचला. आणि इथेच बहुतेक लोक माती खातात. "अजून जरा उकळू दे, घट्ट होईल" असं वाटतं. कच्च्या चिकाला ते थोडंफार लागू आहे, त्यातलं पाणी आणि जास्तीचं टर्पेंटाइन घालवायचं असतं. बाजारातल्या राळेतून घालवण्यासारखं काहीच उरलेलं नाही, तिला उकळत ठेवलं की ती नुसती करपते आणि ठिसूळ होते. एकाच डब्यातला गोंद पाच-सहा वेळा परत परत वितळवला तरी तेच होतं, प्रत्येक वेळी थोडं मेण द्यावं लागतं.

डब्यातून थेट लावण्यापेक्षा कांड्या करून ठेवा. बांबूची काडी गोंदात बुडवायची, फिरवत बाहेर काढायची, पाण्यात धरायची, ओल्या हाताने वळायची, परत बुडवायची, सात-आठ वेळा केलं की काळी कुल्फी तयार. हात ओला नसेल तर कुल्फी हातालाच. पूर्वी पार्सलला सील करायला लाखेची कांडी असायची तसंच वापरायचं, टोक गरम करून थापायचं. वर्षभर टिकतात.

आता जोड, ज्याच्याबद्दल तुम्ही प्रश्नात एक ओळसुद्धा लिहिली नाही. तुमचं पातं सुटलं तेव्हा त्याच्या बुडाला गोंद किती चिकटलेला होता? मला वाटतं जवळपास काहीच नाही, बूड स्वच्छ, बरोबर? म्हणजे गोंद दगडाला कधी धरलाच नव्हता. गार दगडावर गरम गोंद थापला की टेकताक्षणी त्याची साय धरते आणि आत हवा राहते. बाहेरून एकदम भक्कम दिसतं. सोल्डरिंगमध्ये याला कोल्ड जॉइंट म्हणतात, तसंच. आपल्या दख्खनी खडकात चकमकीचा तो फ्लिंट नसतो, बेसॉल्टच्या पोकळ्यांत भरलेला कॅल्सेडनी, अकीक, जास्पर असतो, नदीच्या गोट्यात तेच येतं, आणि तो गुळगुळीत काचेसारखा. म्हणून आधी पात्याचं बूड सहाणेवर किंवा वाळूच्या दगडावर घासून खरखरीत करा, फक्त बूड, आणि बुडाच्या कडांची धारही मोडा, नाहीतर वर बांधलेला दोरा आतून कापला जातो. धुवा, वाळवा, तेलकट बोट लावू नका.

मग दगड गरम करायचा, पण हळू. थेट ज्योतीत धरलात तर कॅल्सेडनी टिचतो, कधी कधी तडकून डोळ्यापर्यंत उडतो. त्याच गरम वाळूत पात्याचं बूड दहा मिनिटं खोचून ठेवा, हाताला सहन होणार नाही इतकं गरम झालं की काढा. मुठीची खाचही शेगडीवर लांबून शेका. आता गरम बुडाला कांडीने पातळ हात द्या, गोंद तुपासारखा पसरला पाहिजे, गोळा होऊन बसला तर दगड अजून गार आहे. खाचेत गोंद भरा, पातं दाबून बसवा, कडेने गोंद बाहेर आला पाहिजे. आणि खाच पात्याच्या मापाची पाहिजे. टूलरूमवाला म्हणून सांगतो, गोंद हा ढिला फिट भरून काढायला नसतो. पातं गोंदाशिवाय खाचेत बसवून मूठ उलटी केली तर जेमतेम पडेल एवढीच सैल हवी. जाड गोंदाचा थर म्हणजे तडकायला जास्त जागा.

आणि नुसत्या गोंदावर विसंबू नका. वरून बांधायचं. घायपाताचा किंवा अंबाडीचा वाख घ्या, दोन पदरी वळा, खाचेच्या दोन्ही गालांवरून ओढून घट्ट गुंडाळा आणि मग त्या बांधणीवर गरम गोंदाचा हात फिरवा म्हणजे पाणी शिरत नाही. ओढ दोऱ्याने घ्यायची, गोंदाने फक्त पातं हलू द्यायचं नाही. तुमचा चाकू कापताना आडवा जोर घेतो, राळ आडव्या झटक्याला सगळ्यात कच्ची. बाणाला जोर सरळ मागे येतो, तिथे हाच गोंद मस्त चालतो, म्हणून पहिला प्रयोग बाणावर करा असं मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे आधी चाकूच करतात.

चाकूच पाहिजे असेल तर लाखेचा विचार करा. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची लाख, काष्ठौषधीवाल्याकडे मिळते. जुने लोहार विळ्या-खुरप्याची शेपटी मुठीत बसवताना भोकात लाख घालून शेपटी तापवून ठोकत, आमच्या आजोळचं एक खुरपं असंच बसवलेलं अजून हलत नाही. लाख राळेपेक्षा चिवट असते. अर्धी लाख अर्धी राळ असंही मी करतो, त्यात मेण ८-१० ग्रॅमच घालतो. फक्त लाख जास्त वेळ गरम ठेवली की रबरासारखी होऊन परत वितळतच नाही, म्हणून थोडी थोडीच करायची.

पात्रातून दगड आणता म्हणून एक सांगतो. आपल्या गंगापूरच्या गोदाकाठावर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी पुराश्मयुगातली दगडी हत्यारं शोधली होती, म्हणजे त्या गोट्यांच्या थरात माणसाने घडवलेलं पातंही पडलेलं असू शकतं. कडेने ओळीने टवके काढलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेला दगड दिसला तर फोटो काढा आणि तिथेच सोडा. घडवायला साधा गोटा भरपूर आहे.

आत्ताच्या चाकूचं काय करायचं, तर फेकू नका. फ्रीजरमध्ये दोन तास ठेवा, मेणबत्तीवाला गोंद ठिसूळ होतो, खाचेतून लाकडी खुंटीने टकटक केलं की पापुद्रे निघतात. राहिलेलं स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, राळ स्पिरिटमध्ये विरघळते, मेणबत्तीचा तेलकट हात मात्र गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने काढावा लागेल, आणि मग लाकूड दोन दिवस वाळवा. जुना गोंद नव्यात मिसळू नका, त्यात पॅरॅफिन आहे. उरलेली राळ सुईने टोचून वास बघा आणि काय आला ते इथे लिहा. पात्याच्या बुडाचा आणि खाचेचा फोटोही टाका, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे खाच किती सैल आहे ते सांगता येईल.